बुडालेल्या मोटारीची पाटी

१

दोन वर्षांपूर्वी भीमेत बुडालेल्या मोटारीचा नंबर सकाळी उठून दारात पडलेला दिसला, तर माणूस काय करील? गोदावरीने तो पोत्यात गुंडाळला आणि आणून माझ्या दुकानाच्या फळीवर आदळला.

"चिंतामणीअण्णा, ही तुमच्याच हातची न्हवं?"

पोतं उघडलं आणि माझ्या हातातला कुंचला रंगाच्या डब्यात गेला. काळ्या पत्र्यावर पांढरे आकडे. एक, तीन, सात. 

तुळजापूर वेशीजवळ माझं पाट्या रंगवायचं दुकान. दुकानांच्या पाट्या, टांग्यांचे नंबर, मोटारींचे नंबर. ही गोष्ट एकोणीसशे तेहेतीस सालची. तेव्हा सोलापुरात मोटारी मोजक्या, आणि त्यांतल्या निम्म्यांचे नंबर माझ्या हातचे. मोटारीची पाटी करायची तर आधी कचेरीची चिठ्ठी बघायची आणि मग एका नंबराच्या दोनच पाट्या करायच्या, पुढची आणि मागची. तिसरी कुणी मागितली तर त्याला वाटेला लावायचं. चिंतामणी तिरसट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत.

एकशे सदतीस ही हिंदुरावांची सर्व्हिस मोटार, आणि तिच्यावरचा ड्रायव्हर रामहरी हा या गोदावरीचा नवरा. एकतीस सालच्या श्रावणात, भर दुपारी, मंगळवेढ्याहून उतारू आणायला मोटार रिकामी चालली होती. भीमेला पूर. नावेवर चढवताना चाक घसरलं आणि मोटार ड्रायव्हरसकट पाण्यात गेली. नावाड्यांनी बघितलं ते एवढंच, पाठमोरं मुंडासं. तीन आठवड्यांनी पाणी उतरल्यावर मोटार ओढून काढली. मागची पाटी तिला होती, पुढची नव्हती. रामहरी मात्र सापडला नाही.

माणूस सापडला नाही तर बारा वर्षं वाट बघायची आणि तोवर बायकोने कुंकू लावायचं, ही आपल्याकडची रीत. गोदावरी गिरणीत कामाला जायची, कुंकू लावायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही.

गेल्या महिन्यापासून मात्र वैरागच्या रस्त्यावर दिवेलागणीला एक मोटार दिसायला लागली. एकच दिवा. भोंगा वाजवायची नाही, कुणासाठी थांबायची नाही. समोरून आली की नंबर दिसायचा, एकशे सदतीस. त्या रस्त्यावरची माणसं अंधार पडायच्या आत दारं लावून घ्यायला लागली. काल संध्याकाळी ती एका कडब्याच्या गाडीला घासून गेली आणि पाटी खाली पडली. गाडीवाल्याने ती काठीने उचलली, सोलापूरला आणली आणि वर लिंबू ठेवून रामहरीच्या दारात टाकून पळाला.

"सासूबाई म्हनत्यात, माज्या कुंकवापायी त्यास्नी गती मिळंना," गोदावरी म्हणाली. "परवा अमावास्येला पिठाचा पुतळा करून त्यास्नी अग्नी द्यायचा, आन् माज्या बांगड्या फोडायच्या. अण्णा, ते मेले असतील तर माज्यामुळं भटकत्यात. आन् जिते असतील तर जित्या नवऱ्याला मी जाळायचं. मला एवडंच सांगा, मी हाय तरी कोन?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कुणीतरी नकली पाटी करून चेष्टा मांडली असेल," मी म्हटलं आणि पाटी उलटी केली.

कोपऱ्यात खिळ्याने कोरलेला 'चिं' होता. माझी खूण. पाटी नकली नव्हती.

२

हिंदुराव मोटार अड्ड्यावर पान लावत बसले होते. गोरा, गुबगुबीत, गोड बोलणारा माणूस. मोटारीच्या धंद्याशिवाय वैरागकडे त्यांचा गुरांचा गोठाही होता. मला गोड बोलणाऱ्यांचा पहिल्यापासून तिटकारा.

"या पेंटर, या! पान घ्या."

"पान नको. एकशे सदतीसची पुढची पाटी सापडली."

त्यांचा चुन्याचा हात थांबला. मग त्यांनी मोठा उसासा टाकला. "ऐकलं मी. रामहरीचा जीव अडकलाय हो त्या मोटारीत. पुराने पाटी तोडून नेली, आता तीच घेऊन फिरतोय बिचारा. विधीचं सगळं मी बघतो म्हणून त्याच्या आईला, बजाबाईला सांगितलंय. तुम्ही ती पाटी इकडं द्या, मी स्वतः भीमेत सोडून येतो."

"बघू."

"बघू काय? असली वस्तू घरात ठेवू नये. द्या इकडं."

"पुराने तोडून नेली म्हणता, मग हिची भोकं कशी काय शाबूत राहिली? बोल्ट तुटून पाटी गेली असती तर पत्रा फाटला असता. एका बाजूला जरा वाकलाय, तोही कालचा, गाडीला घासून सैल बोल्ट निसटले तेव्हाचा."

"पाण्याचं काय सांगता येतंय?" ते म्हणाले, पण पान तोंडात घालायचं विसरले.

मी उठलो. मनात एक जुनी गोष्ट सलत होती. रामहरी बुडायच्या आठवडाभर आधी हेच हिंदुराव माझ्याकडे आले होते. एकशे सदतीसची जुनी जोडी खराब झाली, नवी करा, आणि एक जोडी जादा द्या म्हणाले. का, तर एखादी पाटी हरवली तर हाताशी असावी. मी चार शब्द सुनावून एकच जोडी दिली होती. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. गिऱ्हाईक काय, काहीही मागतं.

दुकानात परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पाटी कोपऱ्यात भिंतीला टेकवली होती, आणि मला सारखं वाटत होतं की कुणीतरी मागे उभं आहे. दोनदा वळून बघितलं. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि स्वतःच्याच हाताने काढलेल्या आकड्यांना भ्यायचा! मला माझाच राग आला. म्हटलं, बघतोच तुझ्यात काय आहे ते.

पाटी खडखडू नये म्हणून ड्रायव्हर लोक तिच्या मागे चामड्याचा तुकडा लावून बोल्ट आवळायचे. हिच्या मागेही तो होता, वंगणाने पत्र्याला घट्ट चिकटलेला. मी चाकूने तो सोडवला.

खाली पिवळी बोटं उमटलेली होती. हाताच्या पंजाची. चार पुरी, आणि करंगळीशेजारचं एक अर्धंच.

३

गोदावरीच्या उजव्या हाताचं ते बोट गिरणीच्या यंत्रात गेलेलं. सगळ्या वस्तीला ते माहीत होतं.

मी रात्र कशीबशी काढली आणि उजाडताच तिच्या घरी गेलो. दारात बजाबाई गहू निवडत होती. रामहरीची आई, वाळून काडी झालेली. आत गोदावरीची आई सोजरबाई चुलीपाशी होती, विधीसाठी वैरागहून आलेली.

"गोदे, ह्या पाटीला हळदीचा हात तू लावलास?"

तिने बोटं बघितली आणि भिंतीला टेकली. "व्हय. तुमी नवी जोडी दिली, ती ते घरी घेऊन आले. नवी वस्तू, पुजल्याबिगर कशी लावायची? पन पुढनं लावलं तर नंबर झाकतोय, पोलीस दंड करत्यात म्हनाले. म्हनून मागनं लावला, तेलात कालवून. दोनीबी पाट्यांना."

"कधी?"

"ज्या दिशी गेले, त्याच दिशी सकाळी."

"दुसरी पाटी कुठंय?"

तिने देवापुढची पाटी काढून आणली. मोटार ओढून काढल्यावर तीच मागून आणली होती तिने. मी दोन्ही पाट्या अंगणात शेजारी शेजारी ठेवल्या. एकच पत्रा, एकच रंग, हळदीचा हातही एकाच सकाळचा. देवापुढच्या पाटीचा रंग पोपडे धरून सुटला होता, भोकांत नदीची रेती बसली होती, चामडं कुजून गेलं होतं, आणि हळदीचा मागमूस नव्हता. तीन आठवडे पुराच्या पाण्यात राहिल्यावर कसा असेल? दुसरीवर मात्र अर्ध्या बोटाची रेघसुद्धा शाबूत.

"बजामावशी, ही पाटी पाण्यात गेलीच नाही. मोटार बुडाली तेव्हा ती मोटारीवर नव्हतीच."

"मग माज्या लेकाच्या भुताला कुनी दिली?" बजाबाई किंचाळली. "कशाला खोदून काढतूस रे चिंतामनी? त्याला जाऊ दे की सुकानं!"

तेवढ्यात सोजरबाई चुलीपुढून उठून आली आणि हळूच म्हणाली, "जावई मराच्या वक्ताला माज्याकडं येऊन गेलं हुतं."

"म्हणजे कधी?" मी विचारलं.

"त्याच दुपारी," ती म्हणाली. "मी वैरागात दारातच हुते. जावई आलं. म्हनलं बसा, तर बसलं. दुसऱ्या दिशी सांगावा आला की त्याच वक्ताला भीमंत बुडालं म्हनून. तवाच सगळी म्हनली, जीव जाताना निरोप घ्यायला आला. दोन वर्सं झाली, मला त्या पायरीवर बसवत न्हाय."

"काय बोलला?"

"न्हाय फारसं. घाईत हुतं."

"खाल्लं काही?"

"दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्यासंगं. तांब्याभर पानी प्याले. गोदानं दिल्याली शेंगाची चटनी ठिवली आन् गेले."

"आणि ती चटणी कुठं गेली?"

"खाल्ली की आमी. आठ दिस पुरली."

मी डोक्याला हात लावला. "सोजरबाई, आठ दिवस पुरेल एवढी चटणी भूत आणून देतं होय? दोन भाकरी हाणतं, वर पाणी पितं? अहो, जिवंत जावई जेवून गेला तुमच्याकडे, आणि तुम्ही दोन वर्षं त्याच्या नावाने कापताय!"

गोदावरीने माझा हात धरला. तिची पकड इतकी घट्ट होती की मला दुखलं.

"अण्णा, मग भीमंत कोन गेलं?"

४

हिंदुरावांकडे लायसनचा ड्रायव्हर एकटा रामहरी. त्याच्या हाताखाली क्लीनर होता, कुंभारीचा सिदू. मोटार पुसायची, हँडल मारायचं, आणि मालक मेहेरबान असला तर स्टिअरिंगचं चक्र हातात धरायचं. मोटार बुडाली त्याच दिवसापासून तोही दिसला नव्हता. हिंदुरावांनी सांगितलं होतं, भ्याला आणि मुंबईला पळाला. पळणाऱ्या क्लीनरचा विचार कोण करतो? मीही केला नव्हता.

दुपारी टांगा करून कुंभारीला गेलो. सिदूची बायको मल्लव्वा शेंगा फोडत बसली होती. ठसठशीत बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

"सिदूचं पत्र येतं का?" मी विचारलं.

"त्याला लिवाया कुटं येतंय? तोंड काळं केलं मेल्यानं! दोन वर्सं झाली अण्णा, एकदा याचं न्हाय, बायको जगली का मेली बगायचं न्हाय. तितं दुसरी केली असंल. येऊ दे, उंबऱ्यात पाय ठिवू देनार न्हाय." शिव्या देता देता तिने डोळे पुसले. मग लगेच हसली. "पर दिवाळीला लुगडं धाडतोय बरं का. हिंदुराव मालक मुंबईला जात्यात, त्यांच्यासंगं. एवडं हाय त्याच्या जिवाला."

"बघू लुगडं."

तिने हौसेने दोन्ही आणली. एक नेसून विटलेलं, एक कोरं. कोऱ्या लुगड्याच्या आतल्या पदरावर शाईचा शिक्का होता, सोलापुरातल्या दुकानाचा. आमच्या वेशीतलं दुकान. त्याची पाटी मीच रंगवलेली.

"मल्लव्वा, हा शिक्का सोलापूरचा आहे."

"व्हय? मला कुटं वाचाया येतंय." ती लाजली. "बगा, मुंबईतबी हितलंच लुगडं हुडकतोय. मला दुसरं आवडत न्हाय, त्याला ठावं हाय."

मी लुगड्याची घडी घालून तिच्या हातात दिली आणि पाणी न पिताच उठलो. टांग्यात बसल्यावर मला सगळं कळून चुकलं होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

५

अमावास्येला सकाळी तळ्याच्या काठी माणसं जमली. पाटावर पिठाचा पुतळा निजवलेला. गोदावरी एका बाजूला उभी. हिंदुराव सोवळं नेसून सगळ्यांना हवं नको विचारत होते. फौजदारांना मी आदल्या संध्याकाळी भेटलो होतो. ते साध्या कपड्यांत झाडाखाली बसले होते.

बजाबाईने पेटता काकडा हातात घेतला तसा मी पुढे झालो.

"मावशी, थांब. आपल्या लेकाला जिवंतपणी जाळू नकोस."

"पेंटर, धर्मकार्यात विघ्न नको," हिंदुराव म्हणाले.

"विघ्न तुम्ही आणलंत. तुमच्याकडे एकसारख्या दोन मोटारी होत्या, आणि नंबर एकच. दुसऱ्या मोटारीचा कर चुकवायचा होता. मी जादा जोडी दिली नाही, म्हणून तुम्ही जोडी फोडलीत. एका मोटारीला पुढची पाटी, दुसरीला मागची. मोटारीला प्रदक्षिणा घालून कोण बघतं? येताना दिसली तर पुढची वाचतात, जाताना दिसली तर मागची. दुसरी पाटी कुठंय विचारलं, तर रंगवायला टाकलीय म्हणायचं. माझंच नाव सांगत असाल!"

लोकांत कुजबुज सुरू झाली. हिंदुराव हसले, पण ओठांनीच.

"त्या दुपारी रामहरी पुढच्या पाटीची मोटार घेऊन वैरागला गेला. सासूकडे भाकरी खाल्ली. त्याच वेळी मागच्या पाटीची मोटार भीमेवर होती, आणि तिच्यावर होता बिनलायसनचा क्लीनर, सिदू. मोटार घसरली, सिदू गेला. ते कुणाच्या हातचं नव्हतं. पण बिनलायसनचा माणूस मेला म्हटलं असतं तर चौकशी झाली असती, दुसरी मोटार निघाली असती. नंबर एकशे सदतीस, म्हणजे ड्रायव्हर रामहरीच, असं सगळ्या गावाने आपणहून धरलं. तुम्ही फक्त मान डोलावलीत."

"मग रामहरी घरी का आला न्हाय?" बजाबाईने काकडा खाली केला.

"ते तोच सांगेल. पण दिवेलागणीला ती मोटार चालवतोय तोच. वैरागच्या पुढे मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या हद्दीजवळ हिंदुरावांचा गोठा आहे, तिथून. आधी मोटार दोन वर्षं झाकून ठेवली. मग चोरटा माल आणायला बाहेर काढली, तर लोक भुताची मोटार म्हणून पळायला लागले, नाक्यावरचे शिपाईसुद्धा आत जाऊन बसायला लागले. हिंदुरावांना आणखी काय पाहिजे? भुताकडे जकात कोण मागतो? फक्त ही बाई बारा वर्षं वाट बघत बसली असती, तर कधीतरी कुणीतरी चौकशी केली असती. म्हणून हा पुतळा. एकदा अग्नी दिला की रामहरी कायमचा मेला."

"पुरावा?" हिंदुराव ओरडले.

"गोठा." फौजदार झाडाखालून उठले. "पहाटेच माणसं पाठवलीत मी."

त्यांनी हिंदुरावांचा दंड धरला.

दुपारी रामहरीला आणलं. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. भूत म्हणून ज्याला सगळा मुलूख भीत होता तो माणूस स्वतःच लटलट कापत होता. बजाबाईने त्याला गच्च धरलं आणि असा हंबरडा फोडला की माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. ती त्याचं तोंड चाचपत होती, नाक, कान, पुन्हा पुन्हा.

गोदावरी लांबच उभी होती.

"सिदू गेला त्ये तुमाला कवा कळलं?" तिने विचारलं.

"त्याच सांजंला." रामहरी पुटपुटला. "मालक म्हनले, दोगंबी तुरुंगात जाऊ. चार म्हैने दडून ऱ्हा. मग चाराचं आठ झालं. मग... तोंड दाखवाया धीर हुईना, गोदा."

"मी हितं रोज मरत हुते, त्येबी ठावं हुतं?"

त्याने मान हलवली. हो म्हणून.

ती फौजदारांकडे वळून एवढंच म्हणाली, "सायेब, ह्यास्नी कचेरीत न्याच्या आदी कुंभारीला न्या. मीबी येते."

६

ऊन कलताना आम्ही पोचलो. पुढच्या टांग्यात गोदावरी आणि मी, मागच्यात फौजदार आणि रामहरी.

मल्लव्वा टांग्यांचा आवाज ऐकून धावत बाहेर आली. रामहरी उतरला तशी दोन पावलं मागे सरली आणि किंचाळली, "यव्वा!"

"वैनी, भिऊ नगा. मी जिता हाय."

ती बघत राहिली. त्याच्या पायांकडे, सावलीकडे. मग एकदम टाळ्या पिटून हसली आणि गोदावरीला मिठी मारली.

"गोदा! तुजा धनी आला! देवानं ऐकलं बग तुजं! आता माजाबी येनार. सांगते ना, आता माजाबी येनार!"

मी तोंड फिरवलं. खरं सांगतो, त्या क्षणी वाटलं, ती पाटी मी उलटी केलीच नसती तर बरं झालं असतं. दोन वर्षं सगळा मुलूख जिवंत माणसाच्या भुताला भीत होता, आणि जो मेला त्याला कुणी मेलेलंही म्हटलं नव्हतं.

"सांगा," गोदावरी नवऱ्याला म्हणाली.

"गोदा, तू सांग. माज्यानं..."

"दोन वर्सं गप बसलासा. आता तुमीच सांगायचं."

रामहरीने सांगितलं. हळू, तुटक, खाली बघत. मल्लव्वाला पहिल्यांदा समजलंच नाही. ती हसऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली, मी खोटं म्हणेन म्हणून. मी मान खाली घातली. मग ती जागच्या जागी खाली बसली.

"पान्यात?" तिने विचारलं. "दोन वर्सं? आन् मी त्याला शिव्या देत हुते?"

गोदावरी तिच्याजवळ बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मल्लव्वाचं रडं बऱ्याच वेळाने फुटलं.

फौजदारांनी खूण केली, रामहरी टांग्यात चढला. अंधारून यायला लागलं होतं.

"चल गोदे," मी म्हटलं.

"तुमी जावा अण्णा. हिच्यापाशी कुनीतरी ऱ्हायाला पायजे."

"आणि रामहरी सुटून आल्यावर?"

"त्यास्नी घर ठावं हाय की," ती म्हणाली.

टांगा हलला तशी रामहरीने तिला हाक मारली. पुन्हा मारली. गोदावरीने मल्लव्वाला उठवून आत नेलं आणि दार लावून घेतलं.